रक्त देण्याआधीचे चार महिने

२०२३ च्या एप्रिलमध्ये मी एका खासगी प्रयोगशाळेला फोन केला, तेव्हा पलीकडून दोनच गोष्टी विचारल्या गेल्या: रक्त घ्यायला माणूस घरी पाठवायचा की मी तिकडे येणार, आणि पैसे कसे भरणार. रिपोर्ट ईमेलवर येईल, असेही सांगितले. मला करायची होती ती हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराची जनुकीय चाचणी. ज्या आजाराने माझ्या वडिलांचे लिहिणे, चालणे, बोलणे आणि शेवटी घास गिळणेही तेरा वर्षांत एकेक करून काढून घेतले, तो माझ्याही वाट्याला आला आहे की नाही, हे त्या ईमेलमधून कळणार होते. कदाचित ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलच्या पडद्यावर. मी विचार करून कळवते असे म्हणून फोन ठेवला. चाचणी मी पुढे केली, पण चार महिन्यांनी आणि वेगळ्या वाटेने. ज्या घरांत हा आजार आहे, त्या घरांतल्या कोणाला तरी उपयोग होईल म्हणून त्या वाटेविषयी लिहीत आहे.

माझे वडील, अण्णा, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. गळिताच्या हंगामात उसाची गाडी काट्यावर आली की भरल्या गाडीचे वजन, मग रिकाम्या गाडीचे वजन, त्यातून उसाचे निव्वळ वजन, हे सगळे ते नोंदवत असत, आणि त्यांचे आकडे छापल्यासारखे असत. २००८ च्या हंगामात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते आकडे रकान्याबाहेर जाऊ लागले. बोटे मधूनच उडत, खांदा झटका दिल्यासारखा हले, आणि नंतर नंतर वजाबाकीही चुकू लागली. आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाविरुद्ध, तो कामावर पिऊन येतो, अशी तक्रार झाली. त्यांना काट्यावरून हलवून भांडारात बसवले गेले. आम्हाला सर्वांत कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की अण्णांना स्वतःला काहीच जाणवत नव्हते. ‘‘हात हलतोय तुमचा,’’ असे आई म्हणाली की ते हाताकडे पाहत आणि खरोखर नवल वाटून म्हणत, ‘‘कुठं हलतोय?’’ त्यांना तेव्हा आम्ही हट्टी म्हणत होतो. आपल्या हालचाली आणि आपल्या स्वभावातला बदल रुग्णाला न जाणवणे हा या आजाराचाच भाग आहे, हे कळायला आम्हाला आठ वर्षे लागली.

त्या आठ वर्षांत नसांचा अशक्तपणा, टेन्शन, पार्किन्सन अशी निदाने झाली आणि जीवनसत्त्वांची इंजेक्शने झाली. २०१६ मध्ये पुण्यात रक्तचाचणी होऊन नाव कळले. ज्या डॉक्टरांनी ते सांगितले, त्यांनी व्हरांड्यात, आम्हा सात-आठ नातेवाइकांच्या घोळक्यात उभ्या उभ्या सांगितले, ‘‘हा मुलांनाही होऊ शकतो,’’ एवढे म्हणून ते पुढच्या रुग्णाकडे गेले. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती आणि माझ्या कडेवर होती.

नाव कळल्यावर मागचेही उलगडत गेले. अण्णांच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, ‘अंगात वारं येतं’ असे गावात म्हणत. तिला अमावस्या-पौर्णिमेला देवळात नेत, तिचे हातपाय आणि मान हलू लागली की बायका तिच्या पाया पडत. या आजारातल्या हालचालींना वैद्यकात कोरिया म्हणतात, आणि मूळ ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ नृत्य असा आहे. आजी पन्नाशीतच गेली. जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकेतल्या तरुण डॉक्टरने १८७२ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे वडील आणि आजोबा लाँग आयलंडवर डॉक्टर होते, त्यामुळे एकाच कुटुंबातल्या तीन पिढ्यांचे रुग्ण त्याच्या घरच्यांच्या पाहण्यात होते. ज्याला आजार झाला नाही, त्याच्या शाखेतून तो कायमचा जातो, पिढी ओलांडून पुन्हा येत नाही, हे त्याने तेव्हाच नोंदवले होते. आजीच्या वेळी आमच्या गावात हे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण आजीला देवळात नेणाऱ्यांनी तिला निदान मान दिला, आणि अण्णांना मात्र दारुडे ठरवले गेले, हे माझ्या मनातून जात नाही.

अण्णा जुलै २०२१ मध्ये गेले. घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला होता. शेवटच्या दोन वर्षांत भाकरी दुधात कुस्करून, वरण दाट करून चमच्याने भरवायचो, कारण साध्या पाण्यानेच सर्वांत जास्त ठसका लागे. पलंगावरून पडत म्हणून जमिनीवर गाद्या अंथरल्या होत्या. सतत हालणाऱ्या शरीराला किती खायला लागते याची कल्पना बाहेरच्या माणसाला येणार नाही. चार वेळा जेवूनही ते वाळत गेले. टेट्राबेनाझिन या औषधाने हालचाली कमी होत, पण डोस वाढला की ते उदास होऊन भिंतीकडे तोंड करून पडत, म्हणून डोस कमी करावा लागे. आम्हाला मात्र ते शेवटपर्यंत ओळखत होते.

त्यानंतर दोन वर्षे मी स्वतःवर पाळत ठेवून होते. वाटी हातातून निसटली, एखादे नाव आठवले नाही, जिना उतरताना पाय चुकला, मुलीवर उगाच ओरडले, की मनात एकच विचार येई. झोपताना हाताची बोटे चादरीवर ठेवून ती स्थिर आहेत का, ते पाही. मी चाचणीकडे वळले त्यामागचे खरे कारण हे होते, पण ते मला तेव्हा ठाऊक नव्हते. तेव्हा मी सर्वांना सांगत होते की मुलीसाठी करायची आहे.

प्रयोगशाळेचा तो फोन ठेवल्यावर अण्णांच्या शेवटच्या काळातल्या डॉक्टरांना विचारले, आणि त्यांनी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या जनुकीय विभागात समुपदेशक मॅडमकडे पाठवले. लक्षणे नसलेल्या माणसाची ही चाचणी कशी करावी, याचे आंतरराष्ट्रीय संकेत १९९४ मध्ये ठरले आणि २०१३ मध्ये सुधारले गेले. आधी समुपदेशन, मध्ये विचाराला वेळ, बरोबर विश्वासाचे माणूस, निकाल प्रत्यक्ष भेटीतच, अठरा वर्षांखालच्या मुलांची चाचणी नाही, आणि कोणत्याही टप्प्यावर थांबण्याची पूर्ण मोकळीक. मॅडमनी हे सगळे पहिल्याच भेटीत सांगितले आणि मग विचारले, ‘‘तुम्हाला का जाणून घ्यायचंय? आणि आत्ताच का?’’

मी मुलीचे नाव घेतले. त्या म्हणाल्या, ‘‘रिपोर्ट आला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या बाबतीत नेमकं काय बदलेल?’’ मी बराच वेळ गप्प राहिले. मुलगी नऊ वर्षांची होती. तिचे शिक्षण, तिचे जेवणखाण, तिच्यासाठी साठवायचे पैसे, यांतले काहीही त्या कागदावर अवलंबून नव्हते. दुसरे मूल होऊ द्यायचे असते तर गर्भधारणेपूर्वीच्या किंवा गर्भजल तपासणीचा विचार करता आला असता. आमचे तसे काही नव्हते. तीन आठवड्यांनी, दुसऱ्या भेटीत, मी बोटे आणि चादर यांविषयी बोलले. त्या वेळी मॅडमनी पहिल्यांदा काहीतरी लिहून घेतले.

शास्त्र त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. चौथ्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरे एकापुढे एक पुन्हा पुन्हा येतात. ती सव्वीस वेळांपर्यंत आली तर चिंता नाही. सत्तावीस ते पस्तीस असल्यास स्वतःला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत संख्या वाढू शकते. छत्तीस ते एकोणचाळीस असल्यास होईलच असे नाही. चाळीस किंवा अधिक असल्यास, पुरेसे आयुष्य लाभले तर आजार होतोच. अण्णांची संख्या बेचाळीस होती. वडिलांकडून मुलांकडे जाताना संख्या वाढण्याचा संभव जास्त असतो, हेही त्यांनी लपवले नाही. १९९३ मध्ये हे जनुक सापडले, ते व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गरीब वस्त्यांतल्या लोकांनी वर्षानुवर्षे रक्त दिले म्हणून. नॅन्सी वेक्सलर आणि त्यांचे सहकारी तिथे जाऊन अठरा हजारांहून अधिक माणसांची वंशावळ मांडत होते. वेक्सलर यांच्या स्वतःच्या आई याच आजाराने गेल्या होत्या. चाचणी शक्य करण्यात ज्यांचा एवढा वाटा, त्यांनी स्वतःचा निकाल जगाला कधी सांगितला नाही, आणि २०२० मध्ये आपल्याला आजार झाल्याचे जाहीर केले. धोका असलेल्यांपैकी फार थोडे लोक, साधारण पाचांत एक किंवा त्याहूनही कमी, प्रत्यक्ष चाचणी करतात. न करणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो, हे मला त्या खोलीत समजले. तोवर न करणाऱ्यांना मी मनात भित्रे म्हणत असे, आणि त्यांत माझा सख्खा भाऊही होता.

दादाला जाणून घ्यायचे नाही. एका भावंडाला आजार असला की दुसरे सुटते, असा समज आमच्या नातेवाइकांत पक्का आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. प्रत्येक अपत्याचा कौल स्वतंत्र, पन्नास टक्क्यांचा. माझ्या निकालाने दादाचे काहीही ठरणार नव्हते, तरी माझा निकाल चांगला आला तर लोक त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतील, ही त्याची भीती खोटी नव्हती. आमचे असे ठरले, की तो विचारणार नाही आणि मी सांगणार नाही. हे पाळणे फार अवघड आहे. घरी गेले की तो माझ्या हातांकडे पाहत नाही, हे मला दिसते.

आत्या तर माझ्या चाचणीच्या विरोधातच होती. ‘‘कागद घरात आला की तो फुटतोच गं. माझ्या दोन्ही पोरींची लग्नं व्हायचीत,’’ असे ती रडत म्हणाली. मला राग आला. नंतर विचार केला, तेव्हा दिसले की आत्या स्वतः आजीचीच मुलगी आहे, तिलाही तोच पन्नास टक्के धोका घेऊन अठ्ठावन्न वर्षे काढावी लागली आहेत, आणि तिने त्याविषयी कधी एक शब्द काढलेला नाही. स्थळ पाहताना ‘घराण्यात काही आहे का’ हे विचारले जाते आणि उत्तर मिळताच माणसे उठून जातात, ही तिची कल्पना नव्हती, अनुभव होता. मी तिला शब्द दिला की माझा निकाल नवऱ्याशिवाय घरात कोणाला सांगणार नाही. इथे लिहिताना नाव टाळले आहे, ते त्या शब्दासाठी.

विम्याचा विषयही मॅडमनीच काढला. आपल्याकडे जनुकीय माहितीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा स्वतंत्र कायदा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये, आरोग्यविम्यातून सरसकट सगळे जनुकीय विकार वगळणारे कलम भेदभाव करणारे आहे, असा निकाल दिला होता. विमा अर्जात कुटुंबातल्या आजारांविषयी विचारले असेल तर खरेच लिहायचे, पण हा विचार रक्त देण्यापूर्वी करायचा, एवढे त्यांनी बजावले.

तिसऱ्या भेटीत मानसशास्त्रज्ञांनी दीड तास बोलून माझी मनःस्थिती, पूर्वीचे नैराश्य, झोप, आधाराची माणसे यांची चौकशी केली. त्यानंतर मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. तपासणी सुरू करण्याआधी त्यांनी विचारले, ‘‘मला काही दिसलं, तर ते तुम्हाला कळायला हवं आहे का? की फक्त रक्ताचं उत्तर हवंय?’’ तपासणीचे टेबल हेच निकालाचे ठिकाण होऊ शकते, हे माझ्या ध्यानीही आले नव्हते. मी ‘सांगा’ म्हणाले. जीभ दहा सेकंद बाहेर ठेवणे, अंगठा आणि तर्जनी वेगाने जुळवणे, मान न हलवता डोळे झटकन एका बाजूकडून दुसरीकडे नेणे, टाचेला बोटे लावून सरळ रेषेत चालणे. मग ‘क’पासून सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगायचे. काही दिसले नाही.

ऑगस्टमध्ये रक्त घेतले. जांभळ्या टोपणाची एक छोटी नळी. नळीवर नावाऐवजी क्रमांक होता. निकालाच्या भेटीची तारीख त्याच दिवशी ठरली, साडेपाच आठवड्यांनंतरची. निकाल कसाही असला तरी ती बदलणार नव्हती आणि मधल्या काळात रुग्णालयातून एकही फोन येणार नव्हता. यामागचे शहाणपण वाट पाहताना उमगले. भेट अलीकडे आली किंवा पुढे गेली, तर माणूस त्यातूनच अर्थ काढत बसतो. नवरा मात्र या काळात वाचून वाचून थकला होता, आणि मी घरातली कपाटे आवरत होते.

भेटीत मॅडमनी हवापाण्याचे काही विचारले नाही. आम्ही बसलो तशा त्या म्हणाल्या, ‘‘रिपोर्टमध्ये वाढलेली संख्या आहे.’’ जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत अठरा, दुसरीत त्रेचाळीस. मला त्या क्षणी आठवले ते अण्णांच्या नोंदवहीतले रकाने. मी विचारले, ‘‘कितव्या वर्षी?’’ त्या म्हणाल्या, की संख्या म्हणजे तारीख नव्हे. संख्या जितकी मोठी तितका आजार लवकर, हे हजारो रुग्णांच्या सरासरीत खरे आहे, पण एकच संख्या असलेल्या दोन माणसांच्या सुरुवातीत दहा-वीस वर्षांचेही अंतर पडते. मी रडले नाही. रडणे दिवाळीत आले, चकल्या पाडताना, आणि तेव्हा मुलगी समोर होती. मॅडमनी ठरल्याप्रमाणे दुसऱ्या आठवड्यात, महिन्याने आणि तीन महिन्यांनी फोन केले. त्यांतला दिवाळीनंतरचा फोन आला नसता तर मी काय केले असते, हे मला सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या ईमेलमध्येही आकडा हाच असता. त्यानंतरचे फोन नसते.

एक गोष्ट मात्र खरी, की चादरीवर बोटे ठेवून पाहणे त्यानंतर थांबले.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीला, तिच्या आईला अल्झायमर आहे, मी चाचणी केल्याचे कुठूनतरी कळले आणि तीही ‘तसली चाचणी’ करावी का म्हणून विचारू लागली. तिला सांगितले तेच इथे सांगते. उतारवयातल्या अल्झायमरसाठी एपीओई जनुकाची तपासणी करतात, तिच्यातला ई-चार हा प्रकार आढळला तर जोखीम वाढते, दोन्ही प्रतींत आढळला तर आणखी वाढते. पण तो असूनही आजार न झालेली माणसे आहेत आणि नसताना झालेलीही आहेत. माझ्या चाचणीचे उत्तर आणि तिच्या चाचणीचे उत्तर ही एका जातीची उत्तरे नाहीत.

संशोधनाची बातमी मी आता वेगळ्या नजरेने वाचते. अण्णांच्या शेवटच्या वर्षी टोमिनर्सेन या औषधाच्या मोठ्या चाचणीकडे आमचे डोळे लागले होते. मार्च २०२१ मध्ये ती थांबवली गेली. त्यानंतर काही वर्षे मी वाचणेच सोडले होते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूट आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांचे काम प्रसिद्ध झाले, ते मात्र मी मॅडमना घेऊन ओळ न् ओळ समजून घेतले. रक्तात त्रेचाळीस असलेली संख्या मेंदूच्या आतल्या भागातल्या विशिष्ट पेशींत आयुष्यभर हळूहळू वाढत राहते. अनेक दशके ती वाढ त्या पेशीला जाणवतही नाही. दीडशेच्या आसपास गेल्यावर मात्र पेशीचा कारभार कोसळतो आणि ती मरते. म्हणजे मी आज निरोगी आहे ते वरवरचे नाही, माझ्या बहुतेक पेशी अजून खरोखर ठीक आहेत, आणि ही वाढ मंद करता आली तर आजार पुढे ढकलता येईल, अशी वाट दिसते. पेशीतली डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच ही वाढ घडवते, म्हणून तिच्यातल्या काही घटकांना आवर घालणाऱ्या औषधांवर काम चालू आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये एएमटी-१३० या जनुकीय उपचाराचे निकाल जाहीर झाले. मेंदूत बारीक नळी घालून, तासन् तास चालणाऱ्या शस्त्रक्रियेने औषध सोडायचे, तेही एकदाच. जास्त मात्रा दिलेल्या बारा रुग्णांत तीन वर्षांनी आजाराची वाटचाल पंचाहत्तर टक्क्यांनी मंदावल्याचे सांगितले गेले. त्या रात्री मी आणि नवरा झोपलो नाही. पण तुलना दुसऱ्या अभ्यासांतल्या, उपचार न घेतलेल्या रुग्णांशी होती, आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने एवढा पुरावा पुरेसा मानायला नकार दिल्याची बातमी आली. बारा माणसे थोडी असतात. तरी या आजाराची गती कमी होऊ शकते, असे मी पहिल्यांदा वाचत होते, आणि अण्णांचे डॉक्टर त्या दिवशी स्वतःहून फोन करून बोलले, याची नोंद मला करायची आहे.

निकालानंतर मॅडमनी एक प्रश्न दिला होता, त्याचे उत्तर शोधायला मला सहा महिने लागले: सुरुवात झाली, तर ते तुम्हाला कोण सांगणार? अण्णांना कोणी सांगितले तर पटत नव्हते, आणि मलाही पटणार नाही, हे गृहीत धरून आज, शुद्धीवर असताना, मी एक पत्र लिहून सही केली आहे. त्यात नवऱ्याला आणि एका मैत्रिणीला अधिकार दिला आहे, की त्यांना काही दिसले तर त्यांनी मला न विचारता डॉक्टरांना सांगावे, गाडीच्या किल्ल्या आणि बँकेचे व्यवहार काढून घ्यावेत, आणि मी त्या वेळी काहीही म्हटले तरी या पत्राला माझा शब्द मानावा. मुलीला आजार घराण्यात आहे एवढे ठाऊक आहे. माझा आकडा तिला ती विचारेल तेव्हा सांगणार आहे, आणि तिचा स्वतःचा आकडा अठरा वर्षांनंतर तिने ठरवायचा.

दर वर्षी तपासणी होते. या जानेवारीतही जीभ, बोटे, डोळे, सरळ रेषा झाली. ‘क’पासूनचे शब्द सांगताना ‘काटा’ हा शब्द पहिला आला. मग डॉक्टरांनी खुर्ची नवऱ्याकडे वळवली आणि त्याला विचारले, ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’ त्याने खिशातून छोटी वही काढली. दिवाळीत फराळाचे सामान मी दोन दिवसांत दोनदा आणले होते, हे त्याने वाचून दाखवले; मला ते आठवत होते, पण त्याने लिहून ठेवल्याचे ठाऊक नव्हते. ‘‘हे कुणाच्याही हातून होतं,’’ डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी ते फाइलमध्ये लिहून घेतले.